पूर्वार्ध वन्संचा

दरवर्षी बक्षिसासाठी निवडलेल्या कादंबऱ्यांची यादी लागली, की मी कापडी पिशवी घेऊन पार्सल ऑफिसात जाते. सहा कादंबऱ्या, प्रत्येकीची एकेक प्रत यादी लागताच मागवलेली असते. येताना पिशवी खांद्याला काचते, पण त्या ओझ्याचं मला कधी काही वाटलं नाही.

आमचं पुस्तकांचं दुकान लहानसं, गल्लीतलं. पण निकाल लागायच्या आत सहाही कादंबऱ्या काचेत मांडायच्या आणि प्रत्येकीखाली हातानं लिहिलेली चिठ्ठी ठेवायची, कुणी वाचावी आणि का, हा आमचा शिरस्ता. गिऱ्हाइकं त्या चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. न वाचता लिहिलेली ओळ आमच्या काचेत कधी लागलेली नाही.

आमचं म्हणजे माझं आणि वन्संचं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, पण नणंद अशी मिळाली की माहेराची आठवण येऊ नये. तीन आठवड्यांत सहा जाडजूड कादंबऱ्या वाचायच्या, वर दुकान सांभाळायचं, म्हणून आम्ही वाटणी केली होती. पूर्वार्ध वन्संचा, उत्तरार्ध माझा. वन्संना शेवट सोसायचे नाहीत. मला उलट सुरुवातीचा कंटाळा, पात्रांची ओळखपाळख होईपर्यंत जांभया. दुपारी दोन ते चार शटर ओढून मागच्या खोलीत बसायचं, त्यांनी मला सुरुवात सांगायची, मी त्यांना शेवट. नादात चहा गार व्हायचा. इतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही.

तीन वर्षांपूर्वी यादी लागली आणि तिसऱ्या दिवशी वन्सं गेल्या. झोपेतच.

दुसरं काही सुचेना म्हणून मी दुकान उघडलं. उत्तरार्ध वाचले. पूर्वार्धाला हात लावायचा धीर होईना, त्यांच्या ताटातलं उचलून खाल्ल्यासारखं वाटायचं. दोनला सवयीनं शटर ओढलं आणि मागे जाऊन बसले. त्या खोलीत भरदुपारीही अंधार असतो. नव्या कागदाचा आणि डिंकाचा वास, फटीतून येणारी उन्हाची एक रेघ, बाहेरून दूर जाणारी सायकलची घंटी. मग सगळं शांत झालं... आणि लवंगेचा वास आला. वन्सं दिवसभर लवंग चघळायच्या. समोरची वेताची खुर्ची करकरली, कुणी सावकाश टेकावं तशी.

"वहिनी... ऐकतेस ना?"

घाबरले का? हो. पण आवाज घरचा आणि सवय जुनी. "सांगा," म्हटलं. त्यांनी सांगितलं. पानं उलटल्याचा आवाज येत होता, पुस्तक मात्र माझ्या मांडीवर मिटलेलं होतं. चारला शटर उघडून मी चिठ्ठी लिहिली. तेव्हापासून हे असंच चाललं होतं. पुन्हा सुखाचे दिवस आले म्हणा ना.

माझी लेक मात्र हात धुऊन मागे लागली होती. "आई, इथे एकटी काय करतेस? चल माझ्याकडे. खोली रंगवून ठेवलीय." यंदा ती केस आखूड कापून, हातात बॅग घेऊन, मला न्यायचंच असं ठरवून आली. काचेतली पाचवी कादंबरी चाळताना तिचा हात थांबला.

"आई, ही पानं कापलेलीच नाहीत. अर्ध्यापर्यंत सगळी छापखान्यातून आली तशी वरून जोडलेली आहेत. तू सुरुवात वाचलीस कशी?"

मला खोटं पचत नाही. सांगून टाकलं. तिनं माझ्याकडून अख्खा पूर्वार्ध ऐकला, मग सुरीनं पानं सोडवली आणि दोन दिवस बसून वाचला.

"सगळं बरोबर आहे," ती म्हणाली. "फक्त ती म्हातारी नाहीये यात. तू सांगितलीस ना, दारात उभी असलेली?"

मला हसू आलं. "अगं, ती तर सगळ्याच कादंबऱ्यांत असते. पहिल्या वर्षी रस्त्यापलीकडे असायची, मग फाटकाशी, गेल्या वर्षी पायऱ्यांवर. मला वाटायचं, हल्लीच्या लेखकांना दुसरं कुणी सुचतच नाही."

लेकीनं मागच्या तिन्ही वर्षांच्या कादंबऱ्या शोधून चाळल्या. एकीतही नव्हती.

"दिसते कशी ती?"

"ठेंगणी. जरा लंगडते. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली..."

बोलता बोलता माझा हात कानाशी गेला. बोटांना दोरा लागला. लेक रडायला लागली.

खरं सांगू? मला बरं वाटलं. वन्सं मला न घाबरवता, वर्षाला चार पावलं, जवळ बोलावत होत्या. माझंही आता वय झालंय. पलीकडे आपलं माणूस वाट बघत असेल तर आणखी काय हवं?

लेकीला हे कसं पटावं? दुसऱ्या दिवशी दोनला तीही माझ्यासोबत आत बसली. लवंगेचा वास आला तसं तिनं माझं मनगट घट्ट धरलं. वन्संचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, पण खुर्ची करकरलेली ऐकू आली.

"आत्या," ती अंधारात म्हणाली, "आईला नेऊ नकोस ना... तुला सोबतच हवी असेल तर मी येईन. मी बसेन तुझ्यापाशी."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण बोलून झालं होतं. खुर्ची करकरायची थांबली. संध्याकाळच्या गाडीनं मी लेकीला बळेच परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सहावी कादंबरी होती.

"वहिनी, ऐक... म्हातारी दारातून मागे फिरली. आपल्या घरी गेली. रस्त्यापलीकडे आता एक पोरगी उभी आहे. आखूड केसांची... हातात बॅग."

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मी कादंबरी पहिल्या ओळीपासून वाचली. अशी कुणी पोरगी तिच्यात नाही.

एकदा दोनला आत गेलेच नाही, तर लवंगेचा वास बाहेर गिऱ्हाइकांपर्यंत आला. म्हणून आता रोज जाते. पूर्वार्ध वाचून ठेवते आणि दोन ते चार मीच बोलते. लेखकानं लिहिलंय तेवढंच. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. वन्संना शब्द टाकायला जागाच ठेवत नाही. लेकीचा रोज फोन येतो, बरी आहे म्हणते.

काल मात्र खोकल्याची उबळ आली. पाण्याचा एक घोट घेण्यापुरती थांबले... आणि समोरून, अगदी मायेनं—

"वहिनी, पोरीनं रस्ता ओलांडला."