खूण उतरवणारं एन्झाइम

बर्फाच्या मशीनपाशी दोन बादल्या एकदम पुढे आल्या आणि दोन्ही एकदम मागे सरल्या. एक बादली माझ्या धाकट्या लेकीची. दुसरी तिच्याच संस्थेतल्या, खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेतल्या चष्मेवाल्याची.

"घ्या ना तुम्ही आधी," तो म्हणाला. "मला कसली घाई! मेलेल्यासाठी बर्फ न्यायचाय."

"कोण मेलं?"

"एन्झाइम. वर कुणीतरी बनवलंय. ढिम्म हलत नाही! संध्याकाळी सगळंच फेकून द्या, असं सांगितलंय मी आमच्या मोठ्या मॅडमना."

लेकीचा हात बर्फातच राहिला. ते 'कुणीतरी' म्हणजे तीच!

आपल्या शरीरात जे प्रथिन टाकाऊ ठरतं, त्याला एक इवलीशी खूण चिकटते. खूण लागली की त्याचे तुकडे झालेच म्हणून समजा. ती खूण उतरवणारं हे एन्झाइम. मूळ माणसाचं, पण लेकीनं जंतूंकडून बनवून घेतलं, गाळून-गाळून स्वच्छ केलं. औषध नव्हे हो, नुसतं प्रयोगासाठी. त्यापायी तिचं वर्ष गेलं, झोप गेली, एक स्थळही गेलं. स्थळाचं मला काही वाटत नाही, मेला घुम्याच होता.

"फेकायच्या आधी माझ्यासमोर करून दाखवा," ती म्हणाली.

"तुम्ही...?"

"वरची कुणीतरी."

त्याचे कान लाल झाले. पण आला बिचारा निमूट. त्यानं पेशी फोडल्या, नळीत रस घेतला आणि सवयीनं एका बाटलीतले चार थेंब त्यात टाकायला गेला. लेकीनं मनगटच धरलं.

"हे काय?"

"हे... खुणा गळू नयेत म्हणून. आमच्याकडे सगळेच घालतात."

"अहो! खुणा उतरवणाऱ्याचे हात बांधायचं औषध ते! आधी तुम्हीच हात बांधायचे आणि मग तो काम करत नाही म्हणून बोंब मारायची?"

त्याचं मनगट मात्र अजून तिच्याच हातात...

"सोडता का?" तो हळूच म्हणाला. "नाही, तशी घाई नाही..."

तिनं झटक्यात सोडलं.

त्या थेंबांशिवाय नव्या नळ्या भरल्या. एकीत एन्झाइम, दुसरीत नाही. मग वाट बघणं आलं.

"रागावलात?"

"रागावले असते तर तो बर्फ तुमच्या डोक्यावर असता."

"मग आता कशी आहात?"

"विचार करतेय... ओतू की नको."

तो हसला. हसताना चष्मा नाकावरून घसरतो त्याचा. तिनं ते पाहिलं, आणि पाहिलं हे त्यानं पाहिलं.

दुपार कलली तेव्हा पडद्यावर निकाल उमटला. एन्झाइम नसलेल्या नळीत खुणांचा काळा पट्टा, दुसरीत सगळं लख्ख. लेकीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यानं काही न बोलता फोन उचलला, आवाज मोठा केला आणि सगळ्या खोलीसमोर म्हणाला, "मॅडम, ते फेकू नका. जिवंत आहे. चूक माझीच होती."

लेक मला नंतर म्हणाली, "आई, तिथंच ठरलं माझं."

मग रोज बर्फाला दोघं एकाच वेळी. महिने गेले, 'अहो'चं 'अरे' झालं. आणि एका रविवारी तिनं त्याला थेट माझ्या दारात आणून उभं केलं.

"हाच ना तुझी मेहनत कचऱ्यात घालायला निघाला होता?" मी विचारलं.

"हो, मीच," तो म्हणाला. मान खाली नाही, सबब नाही.

"मग आता काय मागायला आलास?"

त्यानं तोंड उघडलं, पण लेकच पुढं झाली.

"तो मागायला नाही आलेला, आई. मी सांगायला आणलाय. लग्न करीन तर याच्याशीच."

त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "हे... मला कधी सांगणार होतीस?"

"आत्ता सांगितलं ना! नाही म्हणायचंय?"

"वेडी आहेस का?" म्हणत त्यानं माझ्यादेखत तिचा हात धरला. घट्ट.

"मग दारातच काय उभी राहिलात दोघं?" मी म्हणाले. "या आत."