सगळ्यांना दिसेल असं

रस्त्यापलीकडे मॅनेजर उभा होता… आणि त्याने तिथे असण्याचं काही कारणच नव्हतं.

गाड्यांच्या शोरूममधल्या या मॅनेजरशी तिचं लग्न ठरलं होतं, आणि तिनेच ते मोडलं होतं. तेव्हापासून ती जाईल तिथे हा हजर. डेंटिस्टकडे, रंगांच्या दुकानात, आणि आज फ्रेमवाल्याच्या दारात. आज इथे येणार हे तिने फक्त एका मैत्रिणीला मेलमध्ये कळवलं होतं. वहिनीलासुद्धा पत्ता नव्हता, आणि वहिनीपासून त्यांच्या घरात सुई लपत नाही.

त्याने हात हलवला. हसला. ती गर्रकन वळली आणि समोर जे दार उघडं दिसलं त्यात शिरली.

ते सार्वजनिक ग्रंथालय होतं. लांबलचक टेबलावर जुने कॉम्प्युटर पोटं उघडून पडले होते. वर फलक होता, ‘मुक्त सॉफ्टवेअर मदत केंद्र, दर शनिवारी’. टेबलामागून एक उंच, किडकिडीत तरुण उठला.

“कॉम्प्युटर दाखवायचाय?”

“नाही… हो.” तिच्या खांद्याला लॅपटॉपची पिशवी होती. “आधी बाहेर कोणी उभं आहे का, तेवढं बघा ना.”

तो हसला नाही. डुलत डुलत दारापर्यंत गेला आणि तसाच डुलत परत आला. “कोणी नाही. एक निळी गाडी आत्ता निघून गेली.”

निळी गाडी. त्याचीच. ती मटकन खुर्चीत बसली.

“अरे पेंग्विन, पाणी तरी दे तिला!” शेजारून एक मावशी ओरडल्या. त्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. तो शाळेत गणित शिकवणारा मास्तर. चालीमुळे पेंग्विन म्हणत असावेत, असं तिला वाटलं. पण लिनक्स या मुक्त सॉफ्टवेअरचं चिन्हही पेंग्विनच, हे नंतर कळलं.

तिने अडखळत सगळं सांगितलं. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, एकटीच काम करते, आणि हा माणूस…

“लॅपटॉप कुणी दिला?” पेंग्विनने विचारलं.

“त्यानेच. सगळं तयार करून, वापरायला सोपं करून…” बोलता बोलता तिने पिशवी स्वतःपासून दूर सरकवली.

पेंग्विनने हात पाठीमागे बांधले. “मी याला हात लावणार नाही. तुम्हीच करा, मी सांगत जातो.”

ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवरून तिने स्वतः लिनक्स पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं आणि लॅपटॉप त्यावरून सुरू केला. “आता आत जे काही लपलंय ते झोपलंय. आपण बाहेरून बघतोय,” तो हळू आवाजात म्हणाला.

सापडायला फार वेळ लागला नाही. तिने टाइप केलेलं अक्षर न् अक्षर, प्रत्येक मेल, पडद्यावरचं प्रत्येक चित्र… सगळं मॅनेजरकडे जात होतं. मैत्रिणीजवळ काढलेली रडगाणीसुद्धा. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. घरात कुणीतरी पडद्यामागे महिनोन्‌महिने उभं असावं, आणि आपण समोरच केस विंचरत असावं, तसं.

“पुसा. आत्ताच्या आत्ता पुसा!”

“पुसू. पण आधी याची जशीच्या तशी नक्कल घ्या. पोलिसांकडे जायचं ठरवलंत तर लागेल.”

नक्कल झाली, चित्रं वेगळी काढली, बाकी सगळं पुसून नवं लिनक्स चढवलं. प्रत्येक बटण तिनेच दाबलं.

“आणि यातही कुणी काही लपवलं असेल तर?”

“याची घडण, म्हणजे आतला सगळा कोड, उघडी असते. कुणीही वाचावी, चूक दाखवावी.”

“मला कुठे वाचता येते?”

“ज्यांना येते त्यांना विचारा. मला सोडून कुणालाही.”

“तुम्हाला सोडून का?”

“आजच भेटलोय आपण. मी चोर निघालो तर?”

“दिसतोस तर भामट्यासारखाच,” मावशी म्हणाल्या.

किती तरी दिवसांनी ती हसली. पासवर्ड टाकायची वेळ आली तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून ज्ञानकोशांची नावं वाचत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तिने मुद्दामच जरा मोठा पासवर्ड निवडला…

भाऊ बरोबर आला आणि तिने तक्रार नोंदवली. मॅनेजरला बोलावणं गेलं, आणि तो दिसेनासा झाला. भीती मात्र गेली नाही. निळी गाडी दिसली की छातीत धडधडायचं. बरं वाटायचं ते फक्त शनिवारी.

“आज काय बिघडलं?” पेंग्विन विचारायचा.

“काही नाही.”

“मग?”

“बिघडेल असं वाटलं…”

“दूरदृष्टी म्हणतात याला,” असं म्हणून तो शेजारची खुर्ची पुसायचा. त्याने तिला क्रिता नावाचा चित्रांचा मोफत प्रोग्रॅम शिकवला. तिने त्याला कोंबडी काढायला शिकवलं. त्याची कोंबडी बटाट्यासारखी दिसायची.

आणि मग एका शनिवारी, चष्मा पुसता पुसता तो सहज म्हणाला, “तुमच्या कोंबडीच्या डोक्यावरची ती छत्री झकास जमलीय हं!”

तिने चमकून त्याच्याकडे पाहिलं.

ते चित्र तिने कुणालाही दाखवलं नव्हतं. प्रकाशकाला नाही, वहिनीला नाही. घरी, दार लावून काढलं होतं…

“मला… घरी काम आहे.” पिशवी कशीबशी उचलून ती बाहेर पडली. भुरभुर पाऊस होता. मागून त्याने हाक मारली, तशी ती पळतच सुटली. घरी येऊन लॅपटॉप कपाटात, उशांच्या खाली कोंबला.

“काय गं, भूत बघितलंस?” वहिनीने विचारलं.

भूत परवडलं असतं. भूत गोड बोलत नाही.

दोन दिवस ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही. मग लॅपटॉप घेऊन तडक मावशींच्या घरी गेली. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा चढवला. “मला तो पोटच्या पोरासारखा. म्हणूनच जास्त कसून बघते.”

त्या कितीतरी वेळ बघत होत्या. ती नखं खात होती. शेवटी मावशींनी मान हलवली. “लख्ख आहे. काही नाही यात.”

“मग त्याला कळलं कसं?”

“तू ते चित्र कुठे पाठवलं होतंस?”

“कुठेच…” आणि तिने जीभ चावली. क्रितामध्ये चित्रावर लिहिताना जोडाक्षरं तुटत होती. तिने रागारागाने प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना तक्रार धाडली होती. सोबत पडद्याचा फोटो.

मावशींनी ते पान उघडलं. तिची तक्रार, तिचं नाव, छत्रीवाली कोंबडी. आणि खाली पेंग्विनचं पत्रावर पत्र, स्वतःच्या खऱ्या नावानिशी. जोडाक्षर का तुटतं, कसं तुटतं, तुटू नये म्हणून काय करावं.

“या तक्रारी सगळ्या जगाला दिसतात, बाई. न दिसता दुरुस्त कशा होणार?”

शनिवारी ती गेली. पेंग्विन एकदम उभा राहिला आणि टेबलावरचे स्क्रू सांडले.

“मी पळून गेले होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुम्हीही…”

त्याचा चेहरा उतरला. “कुठे बघितलं ते आधी सांगायला हवं होतं. तुमचं नाव दिसलं आणि… आनंद झाला, एवढंच.”

“लॅपटॉप मी मावशींकडून तपासून घेतला.” आता हा चिडणार. मॅनेजर चिडला असता.

“चांगलं केलंत.”

“राग नाही आला?”

“राग नाही. भीती वाटली.”

“ती का?”

मावशी मोठ्याने खोकल्या आणि उगाचच पलीकडच्या खोलीत गेल्या.

“कारण मला तुम्ही आवडता,” तो जमिनीवरच्या स्क्रूंकडे बघत म्हणाला. “आणि तुम्हाला माझीच भीती वाटावी… याहून मोठी भीती मला नाही.”

तिची छाती धडधडत होती. नेहमीसारखीच की वेगळी, तिला सांगता येईना.

“भीती अजून वाटते,” ती म्हणाली. “तुमची नाही. पुन्हा कुणावर तरी विसंबायची.”

“मग विसंबू नका. मी काही घाईत नाही.”

“आणि कधीच जमलं नाही तर?”

“तरी मी शनिवारी इथेच असेन.”

तिने डोळे पुसले. खाली वाकून दोन-तीन स्क्रू उचलले आणि त्याच्या तळहातावर ठेवले. हात लगेच मागे घेतला नाही. “मला घरापर्यंत सोडतोस?”

“सोडतो— सोडतोस?” त्याचे कान पुन्हा लालबुंद झाले. “म्हणजे… मला… तू…”

“हो. तूच. चल ना.”