हिरव्या भिंतीचा हात

दिवा राहू दे तसाच, बारीक. सांगतो.

माझ्याबरोबर तीस वर्षं काम केलेला एक रंगारी होता. खोटं बोलणं त्याला जमायचंच नाही. एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरचं घर रंगवायला तो गेला होता. घर वडिलांच्या वेळचं. ते वारले, आणि मुलाने ते नव्या पद्धतीचं करायला काढलं. बायको बाळंतीण, शुक्रवारी बाळाला घेऊन यायची होती. घरातल्या बोळाच्या पुढची, स्वयंपाकघराची हिरवी भिंत पाडून त्याने एकच ऐसपैस खोली केली.

पाडायच्या आधी त्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक गुळगुळीत पट्टा दिसत होता. मालक म्हणाला, बाबांना शेवटची सहा वर्षं दिसत नव्हतं. रात्री तहान लागली की मागच्या खोलीतून भिंतीला हात लावत नळापर्यंत जायचे. "ती भिंतच त्यांची काठी," म्हणाला, आणि गवंड्याला खूण केली. घाल घण.

बोळातली उरलेली भिंत रंगाऱ्याने पांढरी केली. सकाळी बघतो तर कमरेच्या उंचीला लांबच लांब डाग, तोडलेल्या कडेपर्यंत. घरात फरशी बसवणारा एक होता, त्याने त्यालाच धरलं. तो म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं. रंगच कच्चा तुझा." पुन्हा हात मारला. पुन्हा डाग. असं तीनदा. मालक वैतागला. गुरुवारी सकाळी भिंत स्वच्छ दिसली नाही, तर दुसरा माणूस बघतो म्हणाला. पोरांनो, त्याच्या कामाला तोवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. रात्रभर दातओठ खात बसण्यापेक्षा चोर पकडू म्हणून बुधवारी तो तिथेच राहिला. दाराला आतून कडी घातली आणि तोडलेल्या कडेपाशी चादर टाकली.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मागच्या खोलीतून आवाज आला. सर्र... सर्र... भिंतीवरून तळवा घासत यावा तसा. हळू. चोर इतका सावकाश चालत नाही. शिवी ओठावर घेऊन रंगारी उठला. बोळ रिकामा. आवाज मात्र जवळ. अजून जवळ.

कडेपाशी येऊन थांबला.

मग... काही नाही. नुसता श्वास. म्हाताऱ्या माणसाचा. पुढे हात फिरवावा आणि काहीच हाती लागू नये, तसा गोंधळलेला.

आणि रंगाऱ्याच्या खांद्यावर हात आला. हलका. थंड.

पळाला नाही तो. तोंडातून एवढंच निघालं, "चला बाबा. अकरा पावलं आहेत."

एक... दोन... डोळे मिटूनच. अकराव्याला ओटा लागला. त्याने चाचपडत नळ सोडला. पाणी पडत राहिलं...

खांदा हलका झाला.

सकाळी भिंत स्वच्छ. मालक म्हणाला, जमलं एकदाचं. रंगारी म्हणाला, बोळापासून ओट्यापर्यंत हाताला लागेल अशी एक दांडी बसवा. मालक हसला. एवढी मोकळी केलेली जागा परत अडवू म्हणता?

रंगाऱ्याचा तो सदरा मी पाहिलाय. उजव्या खांद्यावर चार बोटं आणि एक अंगठा. हिरवी. त्या भिंतीचा शेवटचा तुकडासुद्धा तीन आठवड्यांपूर्वी गाडीतून गेला होता.

त्याच्या बायकोने तो सदरा तोवर चार वेळा धुतला होता.