टालिनच्या खुंटीवरचं घोंगडं

ये दिपाली, बस हितं. बॅग भरणं व्हईल नंतर. तू टालिनला शिकायला चाललीस म्हणून अख्खं गाव पेढे खाऊन गेलं, पण तिथं काय घडलंय ते तुला एकानंबी सांगितलं नसंल. मी सांगतो. खरं-खोटं तू ठरव, तू शिकलेली. मी चौथीतून मेंढरामागं गेलेला माणूस.

आपल्या शहादेवचं पाटोद्यात खत-बियाण्याचं दुकान हाय, तुला ठावं हाय. गेल्या साली औषधाच्या एका कंपनीनं जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना फॉरेनला न्यायचं काढलं. शहादेवचा नंबर लागला, नेकनूरच्या बंकटचाबी लागला. दुसरा असता तर हरखून गेला असता. शहादेव रागातच विमानात चढला.

राग व्हता धाकट्या भावावर, बद्रीनाथवर. त्यांचा बाप आप्पाराव पौषात गेला. जलमभर मेंढरं राखलेला म्हातारा. काळं घोंगडं अंगावरून उन्हाळ्यातबी उतरू देत नव्हता. उघड्या अंगाची लई लाज त्याला. तो गेला तवा शहादेव कंपनीच्या मीटिंगला सोलापूरला गेलता. आला तर सरण पेटलेलं.

"बापूचं घोंगडं कुठाय?" त्यानं ईचारलं.

"सरणावर टाकलं, दादा. बापूच म्हणले व्हते, मला थंडी लई वाजती, माझं घोंगडं माझ्यासंगं द्या."

शहादेवला पटलं न्हाई. बापाची एकच वस्तू, अन् थोरल्याला ईचारल्याबिगर जाळली? का दिली कुणाला? तवापासून एका अंगणात दोन चुली अन् बोलणं बंद.

तर टालिन. पार उत्तरंकडच्या थंड मुलखातलं, समुद्राच्या काठचं जुनं बंदर. गावाभवती दगडी तट, लाल टोप्यांचे बुरूज, खाली गोट्यांचे रस्ते. जून म्हैना असून वारं असं की कान गळून पडावं. अन् रात्री अकराला लख्ख उजेड.

"ह्या गावाला झोपायचं कळत न्हाई का बे?" शहादेव म्हणला. त्याला उजेडाचाबी राग.

करिष्मा नावाची पुण्याची टूरवाली पोरगी पिवळी छत्री वर धरून पुढं चालायची. हा बुरूज, हा धक्का, इथं फोटो काढा. बंकट जागोजाग मोबाईल लांब धरून दोघांचा फोटो काढायचा.

"हास की बे शहादेवा. घरी काय एरंडेल पिल्याचं तोंड दाखवतो का?"

"घरी कुणाला दाखवू? भावाला?"

दुपारी खरेदी. तटाच्या भिंतीला लागून लोकरीच्या दुकानांची रांग हाय. टोप्या, मोजे, स्वेटरं. बंकटनं टोप्यांचा ढीग घेतला. शहादेव मेंढक्याचा पोरगा, सवयीनं लोकर अंगठ्यानं चोळून बघायचा अन् तोंड वाकडं करायचा. पार शेवटच्या दुकानात वाकून शिरला अन् थबकला.

वास आला. मेंढराचा, चुलीच्या धुराचा, वर चुन्या-तंबाखूचा.

मागच्या भिंतीला खुंटीवर काळं घोंगडं.

त्यानं कोपरा उलटा केला. बाभळीच्या काट्यानं फाटलेलं, लाल सुतानं शिवलेलं. त्याची आई विमलबाई डावखुरी, तिचा टाका उलटा पडतो. अख्ख्या बीड जिल्ह्यात तसा टाका दुसरा न्हाई.

"इकलं! बंकट, बघ, बद्र्यानं बापाचं घोंगडं इकलं अन् मला सरणाची कहाणी सांगितली!" कानशिलं लाल झाली त्याची. घोंगडं वढाय लागला तर दुकानातली म्हातारी बाई पुढं आली अन् घोंगड्यावर हात ठिवला. काहीतरी बोलली.

"ती म्हणते हे विकायचं नाही," करिष्मा म्हणाली. "कुणाचं तरी आहे. पावसात भिजलं म्हणून वाळायला टांगलंय. तो येईल न्यायला."

"माझ्या बापाचं हाय, सांग तिला!"

करिष्मानं सांगितलं. म्हातारीनं शहादेवच्या तोंडाकडं लई येळ बघितलं. मग सावकाश हात काढला, घोंगडं उतरवलं अन् त्याच्या हातात दिलं. पैसा घेतला न्हाई. एकच वाक्य बोलली.

"काय म्हणली?"

करिष्मा घुटमळली. "म्हणाली... मग त्याला तुम्हीच सांगा."

घोंगडं हाताला ऊबदार लागलं. भिंतीवर ऊन पडत असंल, म्हणला शहादेव. त्या भिंतीला खिडकी नव्हती.

रात्री करिष्मानं सगळ्यांना तळघरातल्या नाचाच्या जागी नेलं. रंगीत दिवे, छातीत धडधडणारा बाजा. बंकट तिथल्या पोरींना लेझीमच्या चालीवर नाचवाय लागला. शहादेव कोपऱ्यात बसला, पिशवीत घोंगडं, पिशवी मांडीवर. अंगणात पाय ठिवल्या-ठिवल्या बद्रीला काय शिव्या घालायच्या त्याची उजळणी चाललेली. मांडीला रातभर ऊब लागत व्हती.

घरी आला. चपला न काढता घोंगडं बद्रीच्या अंगावर फेकलं.

"घे! कितीला इकलंस? बापाचं कातडंबी इकलं असतंस!"

बद्रीनं घोंगडं वळखलं अन् पांढरा पडला. "दादा, ह्या हातांनी टाकलं. जळताना बघितलं. शेजारच्या कडूबाईला ईच्यार, समद्या भावकीला ईच्यार."

"खोटारड्या!"

गचांडी धरली. विमलबाई भिंत धरत-धरत भाईर आली. तिला दिसतं कमी. कोपरा चाचपला, टाक्यावरून अंगठा फिरवला.

"माझाच टाका."

"बघ! बघ आता!" शहादेव वरडला.

आईनं घोंगडं गालाला लावलं. मग म्हणली, "शहाद्या, ह्यात ऊब हाय. कुणाच्या अंगावरून काढलंस?"

तेवढ्यात बंकट आला, फोटो दाखवाय. हासतच आलता. अंगणातलं बघून दारातच थबकला. बद्रीनंच त्याच्या हातातला मोबाईल घेतला.

पहिला फोटो बुरजापाशी. दोघांच्या मागं लांब, काळं घोंगडं पांघरलेला एक माणूस, पाठमोरा.

दुसरा धक्क्यावर, जहाजांपाशी. तोच. जरा जवळ.

तिसरा रात्रीचा, नाचाच्या दाराभाईर. बंकट दात काढतोय, शहादेव पिशवी छातीशी धरून हाय. मागं भिंतीकडं तोंड करून तोच माणूस. खाली धोतर. वर काही न्हाई. दोन्ही हात आखडून खांदे धरलेले.

बद्रीनं आईला एकेक फोटो सांगितला.

मग विमलबाईनं शहादेवच्या मुस्काटात मारली. पन्नाशीच्या माणसाला. "जित्तेपणी येळेवर आला न्हाईस. अन् आता पांघरूण वढून आणलंस त्याचं?"

त्या दिसापासून ती त्याच्याशी बोलली न्हाई.

बद्रीनं घोंगडं परत सरणाच्या जागी नेलं, वर डिझेल वतलं. डिझेल जळलं. घोंगड्याची लोकरबी करपली न्हाई. आठ दिसांत त्यातली ऊब गेली.

शहादेव ते खुंटीवर टांगायला परत टालिनला जायला निघालता. दोनदा कागद केले, दोन्ही बारीला व्हिसा मिळंना. आता दुकानात बसत न्हाई. हाताची घडी घालून, खांदे धरून उन्हात बसतो अन् कुडकुडतो. घोंगडं घरात ठिववंना म्हणून माझ्याकडं आणून टाकलंय.

हे बघ, खाटंखालचं गाठोडं. लाव हात. भाईर मे म्हैन्याचं ऊन हाय अन् हे बर्फावानी, हाय का न्हाई?

वजनाला दोन किलो बी न्हाई. तुझ्या बॅगंत मावंल. तटाच्या भिंतीला लागून शेवटचं दुकान, मागची खुंटी. नुसतं टांगून ये. अन् पोरी, दुकान गवसायच्या आत, रस्त्यातच कुणी मागून घोंगडं वढायला लागलं, तर हात ढिला सोड. म्हातारा उघड्या अंगाला लई लाजायचा. तेवढं मागं वळून बघू नको.