खुंटीवरची तीन हत्यारं

दोर सोडायचा नाही, असं टपालगाडीच्या थांब्याच्या मालकाने, गुस्ताफ लिंडक्विस्टने, पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं होतं. घरापासून तबेल्यापर्यंत दोर बांधलेला, अंतर जेमतेम चाळीस पावलं. पण खिंडीत असं वादळ मुक्कामाला आलं की माणूस चाळीस पावलांतही हरवायचा, आणि सापडायचा तो बर्फ वितळल्यावर.

बार्नाबी स्ट्राउड दोन्ही हातांनी तो दोर धरत घराकडे येत होता. खेचरांना चारा घालायला गेला होता; चारा तसाच टाकून निघाला होता. दार ढकलून तो आत शिरला, शेगडीची ऊब तोंडावर आली आणि चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक झाल्या.

"मार्शल हास्क मेला," समोर काहीच दिसत नसताना तो म्हणाला. "तबेल्यात. छातीत गोळी आहे."

एक खुर्ची धाडकन पडली. मागच्या खोलीचं दार उघडलं.

"कॅडेल!" कोणीतरी ओरडलं. "त्या हरामखोराने डाव साधला!"

बार्नाबीने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि परत लावला. तेव्हा कुठे त्याला माणसं दिसली. ओरडणारा होता कॅल रेनफ्रू, मार्शलचा मदतनीस; दरोडेखोर कॅडेल हा त्या दोघांचा कैदी, तबेल्यात बांधलेला. शेगडीजवळच्या खुंटीवरून त्याने आपलं रिव्हॉल्व्हर ओढून घेतलं होतं आणि तो ते विजारीवर पुसत होता. व्हायोला ट्रेंट पडलेल्या खुर्चीशेजारी उभी होती. जत्रांतून नेमबाजीचे खेळ करणारी ही बाई. हवेत उडवलेल्या खेळातल्या पत्त्याला मधोमध भोक पाडायची म्हणे. गुस्ताफ लाकडांच्या खोलीतून कुऱ्हाड घेऊन धावत आला. आणि जिन्यावर हेस्टर क्विल उभी होती.

हेस्टर पन्नाशीची. बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराची विधवा. नवरा गेल्यावर तिने दुकान विकलं आणि खाजगी तपासाची कामं घ्यायला लागली. गेली नऊ वर्षं बार्नाबी तिची गाडी हाकत होता, सामान उचलत होता आणि तिच्या बोलण्यातलं निम्मं समजून घेत होता.

"सकाळपासून माझं हत्यार खुंटीवर होतं," रेनफ्रू दात खात म्हणाला. "जेवण झाल्यावर मी मागच्या खोलीत आडवा झालो. हास्कसोबत मी जायला हवं होतं. त्या ल्यूट कॅडेलला आत्ताच्या आत्ता तबेल्याच्या आढ्याला टांगतो."

"दोरी मी देतो," गुस्ताफ म्हणाला. "त्याच्या टोळीने माझ्या भागीदाराला मारलंय."

हेस्टर खाली आली. खुंटीवर राहिलेल्या दोन हत्यारांना, गुस्ताफच्या दुनळी बंदुकीला आणि व्हायोलाच्या रायफलला, तिने जाताजाता उलट्या हाताने स्पर्श केला. बायका भांड्याची धग बघतात तसा.

"मला अर्धा तास द्या," ती म्हणाली. "या बर्फातून तो पळणार कुठे? आपण तरी कुठे जाणार आहोत?"

ते खरंच होतं. तीन दिवस झाले, सहा माणसं आणि तबेल्यातला एक कैदी या खिंडीत गाडल्यासारखी पडली होती. खिडक्या बर्फाखाली गेल्या होत्या. भर दुपारी कंदील लागत होता. लाकूड दोन दिवसांचं उरलं होतं. ओल्या लोकरीचा आणि धुराचा वास कपड्यांत, जेवणात, झोपेतही. आणि आता मारणारा घरातलाच कोणी असला, तर त्याच्याच शेजारी बसून जेवायचं होतं, असं बार्नाबीच्या मनात आलं. पण मग त्याने स्वतःलाच समजावलं, मारणारा तर तबेल्यात साखळीला बांधलेला आहे.

दोर धरून दोघं निघाली. बार्नाबीच्या अंगावर दाराजवळच्या कोपऱ्यात टांगलेला, रानबैलाच्या कातड्याचा मोठा कोट होता. मार्शल सोडला तर बाहेर जाणारा प्रत्येक जण तोच चढवायचा आणि डोळ्यांपर्यंत मफलर गुंडाळायचा.

"बाई, माझंच चुकलं," तो वाऱ्यावर ओरडला. "हास्क जेवण घेऊन गेला आणि मी शेगडीसमोर खुर्चीत पेंगलो. व्हायोला तिच्या पडद्यामागे, गुस्ताफ लाकडांत, तुम्ही वर. माझ्या पाठीमागून कोण गेलं, कोण आलं, मला पत्ता नाही. जाग आली ती दार वाजल्यासारखं झालं म्हणून. हा कोट चढवला तर कॉलरवर बर्फ होता."

"आता सांगतोस?"

"मला वाटलं, सकाळचाच असेल."

"शेगडीच्या घरात सकाळचा बर्फ?" हेस्टर एवढंच म्हणाली.

तबेल्यात घोड्यांच्या श्वासांची वाफ भरून राहिली होती. ऑरिन हास्क आपल्या कोटासकट उताणा पडला होता. घेवड्याची थाळी उपडी झाली होती, चमचा मुठीतच होता. त्याचं रिव्हॉल्व्हर कॅडेलच्या पायाशी गवतात पडलेलं. कॅडेल खांबाला साखळीने बांधलेला, कपाळावरून रक्ताचा ओघळ.

"मी नाही मारलं, बाई," तो पुटपुटला. "कोट आला होता."

"काय आलं होतं?"

"तोच कोट. आत माणूस होता, पण तोंड दिसलं नाही. हास्क माझ्या तोंडात घास घालत होता. त्याने मागे वळून बघितलं, ओळखीचं हसला, आणि गोळी बसली. मग माझ्या डोक्यात काहीतरी हाणलं. पुढचं मला माहीत नाही."

बार्नाबीचा विश्वास बसेना. कोट घालून तर तो स्वतःच आला होता.

हेस्टरने कॅडेलचे हात कंदिलासमोर धरले. बर्फाने बोटं काळीनिळी पडलेली. आज सकाळीच तिने चरबी लावून दोन्ही हातांना जाड पट्ट्या बांधल्या होत्या. डाव्या हाताचा पांढरा गोळा तसाच होता. उजव्याची पट्टी मोकळी होऊन गवतात पडली होती. तिने ती उचलली, टोक बघितलं आणि बार्नाबीपुढे धरलं. कडा सरळ होती. तिची गाठ तशीच्या तशी होती.

मग तिने हास्कचं रिव्हॉल्व्हर उघडलं. "एकच गोळी झाडलीय. बाकीच्या पाच जागच्या जागी."

"मग बरोबरच आहे की. हास्कला एकच लागलीय."

"ती हास्कच्या अंगात आहे. पाठीला भोक नाही. आता तुझ्या त्या खेचराची पाठ बघ."

खेचराच्या पाठीवर बर्फाच्या भुकटीची बारीक पांढरी रेघ साचली होती. बार्नाबीने वर पाहिलं. छपराच्या फळीत बोटभर भोक होतं, त्याचं लाकूड ताजं, पिवळं. त्यातून भुकटी झिरपत होती.

"आज सकाळी होतं हे?" हेस्टरने विचारलं.

"नाही. असतं तर मी बुजवलं असतं."

हास्कचे डोळे मिटताना बार्नाबीला सकाळची गोष्ट आठवली. कैद्याला बघून आलेला हास्क त्याच्याशेजारी बसला होता, उदास. 'किती वर्षं आहेस या बाईंबरोबर?' 'नऊ.' 'त्यांच्यासाठी शपथ घेशील?' 'डोळे मिटून.' त्यावर हास्क म्हणाला होता, 'मीही एकासाठी घेतली असती. कालपर्यंत.'

हे त्याने हेस्टरला सांगितलं तेव्हा ती थांबली आणि कॅडेलकडे वळली. दोघांचं काहीतरी हलक्या आवाजात बोलणं झालं. घोडे फुरफुरत होते. बार्नाबीला शब्द कळले नाहीत.

परत आल्यावर त्याचा चष्मा पुन्हा पांढरा झाला. तो पुसेपर्यंत हेस्टरची चौकशी सुरूही झाली होती. व्हायोला रायफल मांडीवर घेऊन बसली होती.

"एकाच्या कमरेला हत्यार आणि बाकीचे रिकामे, हे मला पटत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. माझ्या भावाला हास्कने पकडलं होतं. तुरुंगात खोकून मेला तो. हास्क मेल्याचं मला दुःख नाही. पण मी पडद्यामागे मोजे शिवत होते."

"कोणी पाहिलं?"

"मोज्यांनी."

गुस्ताफ चिडला. "मला काय विचारायचंय? मी लाकडं फोडत होतो. आवाज ऐकला नाही?"

"या वाऱ्यात? गोळीचा आवाज आला नाही, तर कुऱ्हाडीचा कुठून येणार?"

"मला कॅडेल लटकलेला बघायचाय, हे खरं. पण त्यासाठी मी हास्कला कशाला मारू? तो त्याला फासावरच नेत होता ना?"

"अर्धा तास झाला," रेनफ्रू उठला. "पुरे हा खेळ, क्विलबाई. हास्क माझ्या भावासारखा होता. साखळीतल्या माणसाने त्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर ओढलं आणि झाडलं. शेंबड्या पोरालाही कळेल."

"तू बस, रेनफ्रू. बोलून झालं की मीही बसते," हेस्टर टेबलापाशी उभी राहून म्हणाली. "कॅडेलचे दोन्ही हात आज सकाळी मी बांधले. त्या गोळ्यातून बोट बाहेर येत नाही, चाप ओढणं दूरच. म्हणून तर हास्क त्याला भरवत होता. त्याच्या उजव्या हाताची पट्टी सुटलेली मिळाली. पण ती सोडलेली नव्हती, कापलेली होती. माझी गाठ तशीच आहे. साखळीतल्या माणसाकडे सुरी कुठली?"

गुस्ताफने कुऱ्हाड खाली ठेवली.

"दुसरं. हास्कच्या हत्यारातून एकच गोळी सुटली. ती छपरात गेली. भोक मी दाखवते. मग हास्कच्या छातीतली कुठून आली? दुसऱ्या हत्यारातून. कोट घालून कोणीतरी गेलं, स्वतःच्या हत्याराने हास्कला मारलं, कॅडेलला बेशुद्ध केलं, त्याची पट्टी कापली. मग हास्कचं रिव्हॉल्व्हर वर झाडून त्याच्या पायाशी टाकलं. आपल्या हत्यारात नवी गोळी भरली आणि ते परत खुंटीवर टांगलं. माझा बार्नाबी खाली घोरत असताना, त्याच्या डोक्यावरून हात नेऊन."

बार्नाबीने मागे वळून खुंटीकडे पाहिलं.

"खुंटीवर तीन हत्यारं होती," व्हायोला म्हणाली. "त्यातलं एक माझं."

"बार्नाबी, घरात आल्यावर तू पहिल्यांदा काय केलंस?"

"मी? मी... चष्मा पुसला."

"का?"

"बाहेरून आलं की काचेवर वाफ धरते ना. थंड वस्तू उबेत आणली की तिला घाम फुटतोच."

"लोखंडालाही फुटतो. तू बातमी सांगितलीस तेव्हा मी जिन्यावर होते. तू काच पुसत होतास आणि तुझ्या समोर आणखी एक माणूस पुसत होता. सकाळपासून शेगडीजवळ टांगलेलं हत्यार. दुनळी कोरडी होती, रायफलही कोरडी आणि गरम. मग तुझंच रिव्हॉल्व्हर ओलं कशाने झालं, रेनफ्रू? टांगलंस तेव्हा ते कोरडं होतं. घाम नंतर फुटतो, हे तुझ्या लक्षात आलं नाही."

शेगडीतलं लाकूड चरचरलं. रेनफ्रू हसला.

"माझ्या हाताचा घाम असेल. आणि मी हास्कला मारू कशाला?"

"कॅडेलने काल त्याला सांगितलं की टपालगाडी कधी निघते, सोबत पहारा किती, ही खबर टोळीला तुमच्याच कचेरीतून मिळायची. नाव कॅडेलला माहीत नाही. पण खबरीच्या चिठ्ठ्या त्याच्या खोगिराच्या अस्तरात होत्या. हास्कने अक्षर बघितलं. तरी त्याला खात्री करायची होती, तुला विचारल्याशिवाय तो तुला दोषी धरणार नव्हता. आज सकाळी त्याने तुला विचारलं, हो ना? तो तुला बघून हसला, रेनफ्रू. त्याला वाटलं, तू कबूल करायला आलास. आता ते रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेव, मी नळीचा वास घेते. माझी चूक असेल तर सगळ्यांसमोर माफी मागेन."

रेनफ्रूचा हात कमरेकडे गेला.

"नको," व्हायोला म्हणाली. रायफल तिने उचललीही नव्हती. नळी मांडीवरूनच त्याच्याकडे वळली होती. "मी वीस पावलांवरून पत्त्याला भोक पाडते. तू चार पावलांवर आहेस."

त्याने दोन बोटांनी रिव्हॉल्व्हर काढून टेबलावर ठेवलं. हेस्टरने वास घेतला आणि ते गुस्ताफपुढे केलं. गुस्ताफने हुंगलं. मग त्याने कॅडेलला टांगायला काढलेली तीच दोरी उचलली आणि रेनफ्रूचे हात पाठीमागे बांधले.

"त्याने मला चिठ्ठ्या दाखवल्या," रेनफ्रू खाली बघत म्हणाला. "म्हणाला, तूच सांग, मी फाडून टाकू का यांना? फाडल्या असत्या त्याने. मी थांबलो असतो तर फाडल्या असत्या."

त्यानंतरचे दोन दिवस सर्वांत कठीण गेले. दार उघडणंही कठीण होतं आणि त्या एका खोलीत खुनी, दरोडेखोर आणि त्याच दरोडेखोराच्या टोळीने ज्याचा भागीदार मारला तो गुस्ताफ, एकाच शेगडीभोवती बसले होते. कॅडेलला घरात आणायला गुस्ताफ आधी तयार नव्हता. मग स्वतःच गेला आणि त्याला पाठीवर टाकून घेऊन आला. लाकूड संपल्यावर गुस्ताफने भागीदाराचा पलंग फोडला.

तिसऱ्या सकाळी वारा पडला. एवढी शांतता झाली की सगळे जागे झाले.

घसरगाडीवर मागे हास्कचं प्रेत, बांधलेला रेनफ्रू आणि त्याच्यासमोर व्हायोला. हेस्टर त्यांच्यामध्ये. पुढे बार्नाबीशेजारी कॅडेल, साखळीशिवाय; त्या हातांना साखळी लावायला हेस्टर तयार नव्हती.

खिंडीखाली रस्ता दुभंगतो. डावीकडे डोंगर आणि त्यापलीकडे सरहद्द, उजवीकडे गाव, न्यायाधीश आणि तुरुंग. खेचरं तिथे सवयीने थांबली. बार्नाबीने लगाम हलवला नाही. मागे वळून त्याने हेस्टरकडे पाहिलं. ती बर्फाकडे बघत होती. कायद्याचा माणूस गाडीत एकच होता आणि तो मेलेला होता.

कॅडेल बराच वेळ डावीकडे बघत राहिला.

"फास चुकला तरी चौदा वर्षं देतील मला," तो म्हणाला.

"देतील," बार्नाबी म्हणाला.

"आणि साक्षीला मी नसलो तर रेनफ्रूला सोडतील."

"सोडतील बहुतेक."

कॅडेलने नाकातून श्वास सोडला. पट्ट्यांतला उजवा हात त्याने कसाबसा उचलला आणि गावाच्या रस्त्याकडे केला.

"हाक म्हाताऱ्या," तो म्हणाला. "गारठतोय मी."