शामरावांचा पांढरा रुमाल

"अरे रघु, खेकडा डावीकडे! तुझ्या डावीकडे, माठ्या!"

कालिंदी ओरडेपर्यंत रघुचा पाय सटकला आणि स्वारी धप्पकन नाल्यात! पाणी कमरेएवढंच होतं. पण तो उभा राहिला आणि काठावरच्या कालिंदी आणि चंपा हादरल्याच. रघुचा पांढराशुभ्र सदरा लालभडक झाला होता!

"रक्त!" चंपा किंचाळली.

रघुने अंगभर चाचपलं. "पण मला कुठंच लागलं नाही गं!"

कालिंदीने त्याची बाही पिळली. तिची बोटं लाल झाली. "हा रंग आहे! वरच्या गिरणीच्या रंगखात्यातला!" पुलावरून हेच पाणी नुसतं काळपट दिसायचं.

चंपाचा चेहरा उतरला. नाला माहीमच्या खाडीला मिळतो, तिथेच तिची आई बकुळा कालवं काढायची. घर त्यावरच चालायचं. "हल्ली निम्मी कालवं मेलेलीच निघतात," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी नाल्याच्या पुलाशी वस्तीची सभा होती. नाल्याचं पाणी कितपत स्वच्छ हवं, हे लोकांनीच ठरवायचं होतं. पालिकेचे शामराव खुर्चीवर ऐसपैस बसले होते.

"मंडळी, मी जातीने पाणी तपासलंय. उत्तम आहे! नवा नियम हवाय कशाला?"

माना डोलू लागल्या. आता आपण गप्प बसलो तर संपलंच, कालिंदीला वाटलं. ती पाण्याने भरलेली बादली घेऊन पुढे झाली.

"साहेब, हे आत्ताच नाल्यातून आणलंय. तुमचा रुमाल यात बुडवता?"

"ए पोरी, मस्करी करतेस?"

"पाणी उत्तम आहे ना? मग घाबरता कशाला?" मागून रघु म्हणाला.

हशा पिकला. शामरावांनी चिडून रुमाल बुडवला. वर काढला तो लाल! खुद्द शामरावांचे डोळे विस्फारले.

"अशक्य! सोमवारी तर तळ दिसत होता!"

"सोमवारी?" कालिंदी दचकली. सोमवारी तिचे गिरणीकामगार बाबा दिवसभर घरी होते. "साहेब, सोमवारी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता! गिरणीचा भोंगासुद्धा वाजला नाही. मग रंग येणार कुठून?"

शामराव पांढरे पडले. "रस्ते मोकळे होते... म्हणून तर मी तेवढ्यात काम उरकून घेतलं."

बकुळा ताडकन उठली. "सगली मुंबई बंद, नि तुमी पानी तपासलंव?"

तिने शामरावांच्या वहीकडे बोट दाखवलं.

"आता लिवा, सायेब! पांढरं फडकं बुडवलं तर पांढरंच निंगालं पायजे. नि तपासायचं ते भोंगा वाजल्यावर!"

सभेतले सगळे हात वर झाले. शामरावांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. "चूक माझी. पुढच्या खेपेला तपासणीसाठी पाण्याची बाटली भरताना ही तिघं माझ्यासोबत हवीत. यांनी माझी झोप उडवली!"

"शाब्बास रे पोरांनो!" वस्तीतल्या म्हाताऱ्या राधाबाईंनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला.

"ते ठीक आहे हो आजी," काखेतला लाल सदरा पुढे करत रघु रडकुंडीला आला, "पण सदऱ्याचं आईला काय सांगू?"

बकुळाने सदरा आणि रुमाल दोन्ही घेतले आणि नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला घट्ट बांधले.

"सांग तिला, पानी सोच्छ होईपरयंत सदरा हितंच राहील. आता तो तुझा एकल्याचा नाय, सगल्या वस्तीचा हाय!"