खालून आलेला आवाज

बसा जवळ. एडन, शेगडीत एक ओंडका सरकव. ही उडत उडत आलेली गोष्ट नव्हे. लोर्ना ट्रेगेअरला मी चाळीस वर्षं ओळखतो, तिच्या तोंडून थाप निघायची नाही.

गेल्या सतरा जुलैची गोष्ट. गुरुवार. आपल्याकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, संध्याकाळी साडेसहालाच मिट्ट काळोख. आपल्या बेलारा गावातल्या फिल्म क्लबचे जुन्या सिनेमांचे खेळ दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचे होते. मेलबर्नहून रिळं आली होती. एकदा चालवून बघावीत म्हणून लोर्ना एकटीच हॉलवर गेली.

हे काम खरं तर तिच्या नवऱ्याचं, क्लाइव्हचं. सव्वीस वर्षं सिनेमा दाखवायचं मशीन त्यानंच चालवलं. आदल्या हिवाळ्यातल्या शेवटच्या खेळाला चित्र मध्येच धूसर झालं. लोकांनी टाळ्या पिटल्या. "क्लाइव्ह, झोपलास का रे?" कुणीतरी ओरडलं. लोर्ना खाली प्रेक्षकांत होती. सकाळीच दोघांचं वाजलं होतं. मान न वळवता तिनंही आवाज चढवला, "अरे, जमत नसेल तर सोड ना ते मशीन."

सगळे हसले. रीळ संपेपर्यंत वर मशीनच्या खोलीत कुणी गेलं नाही. गेले तेव्हा क्लाइव्ह मशीनपाशी पडला होता. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर वीस मिनिटं तरी तो जिवंत असावा...

क्लब बंद करायचं ठरत होतं. लोर्नाच म्हणाली, "बंद नाही करायचा. मशीन मी शिकते."

तर त्या गुरुवारी तिनं वरच्या खोलीत रीळ चढवलं. मशीन घरघरायला लागलं. भिंतीतल्या छोट्या काचेतून तिनं खाली पाहिलं. पडद्यावर एक बाई जिना उतरत होती. समोर रिकाम्या रांगा.

मग चित्र धूसर झालं.

ती भिंगाकडे हात न्यायला गेली. हात उचलेना. खांद्यापासून जड. छातीवर ओझं... श्वास अर्धाच.

खाली टाळी वाजली. एक. मग पुष्कळ.

"अरे, जमत नसेल तर सोड ना ते मशीन."

आवाज तिचाच होता.

ती काचेला टेकली. पडद्याच्या उजेडात एकच डोकं दिसत होतं. राखाडी कोटाची कॉलर. कोट तिचा. केस तिचे. मान ताठ.

लोर्नाला ओरडायचं होतं. ओठ हलले, आवाज नाही. तिनं दुसऱ्या हाताची मूठ काचेवर आपटली. पुन्हा आपटली.

"लोर्ना..." कसंबसं निघालं. "मागे बघ गं..."

खालचं डोकं हललं.

हळूहळू... वळायला लागलं...

मशीनचा दिवा गेला.

हातातलं ओझं उतरलं. ती जिना कशी उतरली, घरी कशी पोचली, तिला आठवत नाही. रात्रभर ती स्वयंपाकघरात दिवा लावून बसली.

सकाळी तिनं हॉलची देखभाल करणाऱ्या ग्रॅमला सोबत घेतलं. दार उघडलं. चौथ्या रांगेतली एक खुर्ची फिरलेली होती. पडद्याकडे पाठ. तोंड वरच्या खोलीकडे.

"कुणाचा हा चावटपणा?" ग्रॅम म्हणाला.

"क्लाइव्ह गेला त्या रात्री मी इथंच बसले होते," लोर्ना म्हणाली.

ग्रॅम गुडघ्यांवर बसला. तिथल्या खुर्च्या जमिनीच्या फळ्यांना बोल्टनं जखडलेल्या आहेत, वरून जाड रंग. त्यानं चारही बोल्टांवरून बोट फिरवलं. 

रंग कुठंही तडकलेला नव्हता.